रोमन गेले, पण ब्रिटन लोक गेले कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोमन लोक ब्रिटनमधून गेल्यावर तिथे काय झालं यावर पानभर लेख आला होता. विषय छान होता, असलं काही मराठी पेपरात वाचायला मिळतं याचंच बरं वाटलं, फोटोही मस्त. पण लेखाचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता, की ४१० साली रोमन गेले, मग जर्मनीकडून अँग्लो-सॅक्सन आले, त्यांनी मूळच्या ब्रिटन लोकांना कापून काढलं, उरलेल्यांना वेल्सच्या डोंगरात हाकललं आणि तिथून पुढे इंग्लंड एका रक्ताचा देश झाला. आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाने जी उडी मारली ती थेट आपल्या कोकणात, की कोकणानेही मूळचे कोण आणि बाहेरचे कोण हे वेळीच ओळखायला हवं. आता तेवढाच परिच्छेद कापून आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय, त्याच्याखाली कोणी कोणी पदरच्या चार ओळी जोडल्यात त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, छापताना कापलंत तरी चालेल, फक्त ब्रिटनचा भाग कापू नका कारण भांडण तिथेच आहे.

मी रेवदंड्यात दहावीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या घेते, इतिहासात एमए केलंय, बाकी काही पदवी-बिदवी नाही.

आधी ४१० बद्दल. शाळेत सनावळी लागते म्हणून हा आकडा ठीक आहे पण त्या वर्षी सगळे गाशा गुंडाळून बोटीत बसले आणि बेट रिकामं झालं असं काही झालेलं नाही. सैन्य आधीपासूनच तुकड्या-तुकड्याने जात होतं, ४०७ मध्ये तर ब्रिटनमधल्या सैन्याने आपलाच एक कॉन्स्टंटाइन नावाचा सम्राट उभा केला आणि तो फौज घेऊन समुद्र ओलांडून गॉलमध्ये म्हणजे आताच्या फ्रान्समध्ये गेला तो परत आलाच नाही. ४१० साल धरतात ते होनोरियस बादशहाच्या पत्रावरून, तुमचं रक्षण तुम्हीच करा असं शहरांना कळवणारं, आणि ते पत्र खरंच ब्रिटनला होतं का इटलीतल्याच दुसऱ्या एका भागाला यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. गेले ते शिपाई, साहेबलोक आणि पगाराची नाणी. बाकी सगळे होते तिथेच.

आणि हे बाकी सगळे म्हणजे कोण? लेखात रोमन एकीकडे आणि ब्रिटन एकीकडे असे दोन सरळ गट केलेत. इ.स. ४३ मध्ये क्लॉडियस बादशहाच्या फौजा उतरल्या तेव्हा ते खरं असेल. पण २१२ मध्ये काराकाला बादशहाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या माणसांना, गुलाम सोडून, नागरिकत्व देऊन टाकलं होतं, म्हणजे ४१० साली ब्रिटनमधल्या एखाद्या शेतात जो माणूस नांगर धरून उभा होता त्याच्या सात-आठ पिढ्या कायद्याने रोमनच होत्या. त्याला जाऊन विचारलं असतं की अरे रोमन गेले, तू कोण, तर तो काय बोलला असता?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स म्हणून गाव आहे, तिथे एका बाईच्या थडग्यावरचा दगड सापडलाय, दुसऱ्या शतकातला. तिचं नाव रेजिना. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलाउनी टोळीतली, आधी गुलाम होती, बाराटेस नावाच्या माणसाने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं, आणि हा बाराटेस होता पाल्मायराचा म्हणजे पार सीरियाच्या वाळवंटातला. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसलेली कोरलीय, चेहरा आता फुटलाय, एका हातात लोकर कातायची टकळी, दुसऱ्या हाताने दागिन्यांची पेटी उघडून धरलेली, पायाशी लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली टोपली. खाली लॅटिनमध्ये मजकूर आहे तो जरा ओबडधोबड कोरलाय, आणि त्याच्याखाली पाल्मायराच्या लिपीत एक ओळ आहे, बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय रे, अशा अर्थाची, ती मात्र सुबक आहे. ही बाई ब्रिटन, का रोमन, का सीरियनाची बायको म्हणून सीरियन? आणि यांना मुलं झाली असतील तर त्यांना लेखक कुठल्या रांगेत उभं करणार? रोमन ब्रिटनमध्ये अशी घरं फार होती, रोमनांनी उत्तर सीमेवर बांधलेल्या त्या हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेपासून बेल्जियमपर्यंत सगळीकडचे शिपाई होते आणि रिटायर झाले की बरेच तिथेच राहायचे.

बरं, ४१० नंतर सगळं छान चाललं होतं असं मी म्हणत नाहीये. नवीन नाणी येणं बंद झालं, मातीची भांडी करणारे मोठे कारखाने बसले, चाकावरची भांडी जवळजवळ गेलीच, दगडी बांधकाम थांबलं, शहरं ओस पडत गेली. ज्याच्याकडे होतं त्याने पुरून ठेवलं. सफोकमधल्या हॉक्सन गावात १९९२ मध्ये शेतात हरवलेला एक हातोडा मेटल डिटेक्टरने शोधताना जवळजवळ पंधरा हजार नाणी सापडली, सोन्याचांदीची, त्यातल्या पुष्कळ चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या, कारण नवीन चांदी मिळेना मग आहे त्याच नाण्यातून थोडी थोडी कातरून घ्यायची. हातोडाही सापडला बरं का! त्याच साठ्यात चांदीच्या चार मिरीदाण्या आहेत, एक तर नटलेल्या बाईच्या अर्ध्या पुतळ्यासारखी, तळाची चकती फिरवली की मिरपूड भरता येते, पुन्हा फिरवली की शिंपडता येते. मिरी जायची आपल्या खालच्या मलबार किनाऱ्यावरून. ज्याने कोणी हे पुरलं तो परत न्यायला आला नाही.

पण त्याच काळात दुसऱ्या टोकाला चेडवर्थ म्हणून ग्लॉस्टरशरमध्ये मोठा रोमन वाडा आहे, तिथल्या एका खोलीतली मोझॅइकची फरशी ४२४ च्या आधीची असूच शकत नाही असं कार्बन डेटिंगवरून कळलंय, २०२० मध्ये जाहीर झालं ते. म्हणजे राज्य गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनी तरी कोणीतरी कारागीर बोलावून घरात नक्षीची फरशी घालून घेत होतं. कारागिरी थोडी घसरलीय, चुका आहेत, पण घालत होते.

वेल्समध्ये पेनमाखनो नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये पाचव्या-सहाव्या शतकातला एक दगड ठेवलाय. कँटिओरिक्स नावाच्या कोणाचा. नाव अस्सल स्थानिक. मजकूर लॅटिन. लिहिलंय की हा इथे विसावलाय, हा ग्वेनेडचा म्हणजे वायव्य वेल्समधल्या राज्याचा नागरिक होता आणि दंडाधिकारी माग्लस याचा भाऊबंद होता. बघा म्हणजे, रोम शेकडो मैल लांब, बादशहा नाही, कर घेणारा नाही, चहूबाजूला डोंगर आणि मेंढ्या, आणि हा माणूस मेल्यावरही सांगतोय की मी नागरिक आहे आणि आमच्या घराण्यात दंडाधिकारी आहे. ज्या वेल्सच्या डोंगरात लेखकाने मूळच्या शुद्ध ब्रिटन लोकांना पळवून लावलंय तिथेच सगळ्यात जास्त दिवस रोमनपण टिकलं. वेल्श भाषेत चर्च, खिडकी, पूल, पुस्तक या सगळ्यांचे शब्द आजही लॅटिनवरून आलेले आहेत.

सेंट पॅट्रिक सगळ्यांना माहीत आहे, आयर्लंडचा म्हणून. तो मुळात ब्रिटनचा, बाप डीकन म्हणजे चर्चमधला पाद्र्याखालचा सेवक आणि शिवाय गावच्या कर गोळा करणाऱ्या मंडळावरचा, आजा पाद्री. सोळाव्या वर्षी आयरिश चाच्यांनी पळवून नेला, सहा वर्षं गुलाम म्हणून गुरं राखली. त्याच्या हातची दोन लिखाणं शिल्लक आहेत, त्यातलं एक कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांना लिहिलेलं जळजळीत पत्र आहे, कारण त्या शिपायांनी नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्या आयरिश माणसांना मारलं आणि पोरीबाळींना धरून विकलं. पॅट्रिक त्यांना म्हणतो की तुम्हाला मी माझे देशबंधू म्हणणार नाही, पवित्र रोमनांचे देशबंधूही म्हणणार नाही, तुम्ही सैतानाचे देशबंधू. आता हे शिपाई बहुतेक त्याच्याच बेटावरचे, त्याच्याच भाषेतले. पण रोमन म्हणजे त्याच्या लेखी ख्रिस्ती आणि कायद्याने वागणारा माणूस, रक्त त्यात कुठेच नाही. गिल्डास म्हणून त्याच्यानंतरचा एक संन्यासी लेखक आहे, लेखकमहाशयांनी कत्तलीची वर्णनं त्याच्याकडूनच घेतलेली दिसतात, तोसुद्धा ब्रिटनच, पण लिहिताना लॅटिनला आमची भाषा म्हणतो आणि आपल्या लोकांना नागरिक म्हणतो. आणि त्याचं पुस्तक म्हणजे इतिहास नव्हे, किर्तनकार फडावर उभा राहून राजांना आणि पाद्र्यांना झोडपतो तसं ते आहे, तुमच्या पापांमुळे देवाने हे सॅक्सन पाठवले असं त्याला सिद्ध करायचंय, मग रक्ताचे पाट वाहणारच.

आता कोकण आणलंच आहे तर आमच्या समोरच्या किनाऱ्याचं सांगते. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पुढे कोर्लई. पोर्तुगीजांनी चौल-कोर्लई १७४० मध्ये सोडलं, मराठ्यांकडे आलं. पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. किल्ल्याच्या पायथ्याचं ख्रिस्ती गाव अजून घरात पोर्तुगीजच्या वळणाची आपली वेगळी बोली बोलतं, बाजारात येऊन मराठी बोलतं, मासळीवरून घासाघीस तर अशी मराठीत करतात की आम्ही गप्प. त्या गावातून एक मुलगा माझ्याकडे शिकवणीला येतो, त्याने तो ग्रुपवरचा परिच्छेद वाचून मला विचारलं, टीचर मग आम्ही मूळचे का बाहेरचे? शेजारचा पोरगा म्हणाला, तू लेटचा. सगळा वर्ग हसला, तोही हसला, आणि मी फळ्यावर घातलेलं गणित तसंच राहिलं कारण पुढचा तासभर आम्ही हेच बोललो.

मजा अशी की ब्रिटनच्या पूर्व भागात कोर्लईच्या बरोब्बर उलटं झालं. साडेतीनशे वर्षांहून जास्त राज्य करून लॅटिन तिथल्या लोकांच्या तोंडातून गेली, आणि शेजारच्या गॉलमध्ये मात्र राहिली आणि तिची फ्रेंच झाली. का? तर गॉलमध्ये जे फ्रँक टोळीचे राजे आले त्यांना चालू शहरं, बिशप, करवसुलीची दप्तरं तयार मिळाली आणि ती चालवायची तर लॅटिन लागायची. ब्रिटनच्या पूर्वेला हे सगळं आधीच कोसळलं होतं, मग लॅटिन बोलून मिळणार काय? जमीन आणि संरक्षण ज्याच्या हातात तो इंग्रजी म्हणजे अँग्लो-सॅक्सनांची भाषा बोलत होता. कोर्लईत राज्य गेलं पण चर्च राहिलं, गाव एकत्र राहिलं, लग्नं आपसात होत राहिली, म्हणून भाषा राहिली. भाषा रक्तात नसते हो, ती चुलीपाशी आणि चर्चच्या दारात असते.

लेखकाच्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल ही बाई एकतर्फी बोलते. माणसं आली, आणि भरपूर आली. मध्यंतरी काही अभ्यासक म्हणायला लागले होते की कोणी फारसं आलंच नाही, मूठभर सरदार आले आणि बाकीच्यांनी नुसती फॅशन बदलली, ते आता टिकत नाही. नॉरफोकमध्ये स्पाँग हिल म्हणून जागा आहे तिथे दोन हजारांवर मडकी सापडलीत, माणसांची रक्षा भरून पुरलेली, आणि ती थेट उत्तर जर्मनीतल्या मडक्यांसारखी. २०२२ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात डीएनएचं मोठं काम छापून आलं, वायव्य युरोपातल्या ४६० सांगाड्यांचं, त्यातले २७८ इंग्लंडमधले, आणि त्यात असं निघालं की पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या माणसांचा वंश ७६ टक्क्यांपर्यंत उत्तर युरोपातल्या किनाऱ्यावरून आलेला आहे. हा आकडा छोटा नाही. इंग्रजीत जुन्या ब्रिटन भाषेतले शब्दही अगदी मोजकेच उरलेत, नद्यांची नावं सोडली तर. इथपर्यंत लेखकाचं बरोबर.

पण त्याच अभ्यासात पुढे काय आहे ते लेखात आलं नाही. त्याच दफनभूमीत, त्याच कुटुंबात दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी पुरलीत. डोव्हरजवळ बकलंडला एका बाहेरून आलेल्या घराण्यात पुढच्या पिढीत स्थानिक वंशाची सून आलेली दिसते. बायकांमध्ये थोडा फरक दिसतो, बाहेरून आलेल्या वंशाच्या बायकांबरोबर ब्रूच, मणी वगैरे वस्तू जास्त वेळा पुरलेल्या आहेत, पण पुरुषांमध्ये तलवारी-भाले दोन्ही वंशांच्या पुरुषांबरोबर सारखेच सापडतात. म्हणजे भाला शेजारी ठेवून ज्याला सॅक्सन योद्धा म्हणून निरोप दिला त्याचा पणजोबा रोमन कर भरणारा ब्रिटन असू शकतो. कापून काढलेल्या माणसांना कोणी भाला देऊन पुरत नाही.

आणि केंटमध्ये ईस्ट्रीजवळ अपडाउन नावाच्या दफनभूमीत सातव्या शतकातली एक दहा-बारा वर्षांची मुलगी सापडलीय. तिच्याबरोबर सुरी, हाडाची फणी, एक मडकं, म्हणजे त्या गावातल्या बाकीच्या पोरींबरोबर असायचं तसंच. डीएनए काढला तर तिचा एक तृतीयांश वंश पश्चिम आफ्रिकेतला. तिच्या नात्यातल्या उत्तर युरोपीय वंशाच्या बायका त्याच जागी पुरलेल्या. तिला वेगळं काढून कोपऱ्यात पुरलं नव्हतं. मुरुड-जंजिरा आमच्यापासून जवळच, तिथल्या आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांना ओळखणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण इंग्लंडमध्ये हे वाचून पुष्कळांना धक्का बसला म्हणे.

मग ब्रिटन लोक गेले कुठे? याचं उत्तर मला विचाराल तर एका कायद्यात आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा इने, ६८८ ते ६९४ च्या दरम्यान त्याने कायदे केले ते शिल्लक आहेत. त्या काळी कोणाचा खून झाला तर मारणाऱ्याने घरच्यांना भरपाई द्यायची, आणि माणसाची किंमत ठरलेली असायची. साध्या इंग्रज म्हणजे अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्याची २०० शिलिंग. ब्रिटन शेतकऱ्याकडे एक हाइड म्हणजे एका कुटुंबाचं भागेल एवढी जमीन असेल तर १२० शिलिंग. जमीनच नसेल तर ६०. पाच हाइड असतील तर ६००, पण तेवढ्या मानाच्या इंग्रजाचे १२००. आणि राजाचे निरोप नेणारा ब्रिटन घोडेस्वार असेल तर त्याचे २००, साध्या इंग्रजाएवढे. हे नीट वाचलं की दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे ज्यांना कापून काढलं असं लेखक म्हणतात ते पावणेतीनशे वर्षांनंतर वेसेक्समध्ये जमीन कसत होते, घोड्यावर बसून राजाची पत्रं नेत होते. आणि दुसरी म्हणजे इंग्रज म्हणवून घेण्यात रोकडा फायदा होता. तुमच्या पोराची किंमत ६० शिलिंग आणि शेजाऱ्याच्या पोराची २०० असेल तर तुम्ही घरात कुठली भाषा बोलाल, पोराचं नाव काय ठेवाल, लेक कोणाला द्याल? दोन-तीन पिढ्यांत काम होतं. वाईट वाटायचं तर याचं वाटायला हवं, हे कत्तलीपेक्षा मुकाट्याने होतं आणि याचं कोणी पुस्तक लिहीत नाही.

गंमत अजून पुढे आहे. हेच वेसेक्सचे राजे ज्याच्यापासून आपली वंशावळ सांगायचे तो सेर्डिक, ४९५ मध्ये पाच जहाजं घेऊन आला असं त्यांची बखर सांगते, आणि त्याचं नावच मुळी ब्रिटन लोकांतलं आहे. इनेच्या आधीचा राजा कॅडवाला, ६८९ मध्ये रोमला जाऊन बाप्तिस्मा घेऊन तिथेच मेला, त्याचंही नाव ब्रिटन. आता याला काय म्हणायचं? आणि ६३३ मध्ये ख्रिस्ती ब्रिटन राजा कॅडवालन आणि मूर्तिपूजक इंग्रज सरदार पेंडा या दोघांनी मिळून ख्रिस्ती इंग्रज राजा एडविनला मारलं, आता यात आपला कोण परका कोण? शिवाय एक देश, एक रक्त म्हणता तर सगळ्या इंग्लंडचा मिळून पहिला राजा एथेलस्टन, तो ९२७ मध्ये, म्हणजे रोमन जाऊन पाचशे वर्षांनी.

पूर्वेकडच्या ईस्ट अँग्लिया राज्याचा राजा रेडवाल्ड तर मला फार आवडतो. केंटला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला, घरी आल्यावर बायकोने आणि जवळच्या माणसांनी समजूत घातली, मग त्याने एकाच देवळात एक वेदी ख्रिस्तासाठी आणि एक जुन्या देवांसाठी ठेवली. बीड नावाच्या इंग्रज इतिहासकाराने हे रागाने लिहिलंय. आपल्याकडे नवस फेडायला कोण कोणाच्या दारात जातं हे बघितलेल्या माणसाला रेडवाल्डचं चुकलं कुठे तेच कळणार नाही. सटन हूला १९३९ मध्ये २७ मीटरच्या अख्ख्या होडीचा जमिनीत ठसा सापडला, लाकूड कुजून गेलेलं, ती याचीच कबर असं पुष्कळ जण मानतात, आत बायझंटाइन चांदीचं मोठं ताट, फ्रँक राज्यातली ३७ सोन्याची नाणी, खांद्यावरच्या सोन्याच्या कड्या, त्यात जडवलेले लाल गार्नेट. हा माणूस जर्मन देवांनाही धरून होता, ख्रिस्तालाही, आणि खांद्यावरच्या त्या कड्या रोमन सेनापतीच्या चिलखताच्या धाटणीच्या.

तर हे साधंसरळ अँगल, सॅक्सन, ज्यूट असे तीन कप्पे केले कोणी? बीडने. जॅरोच्या मठातला संन्यासी, ७३१ मध्ये पुस्तक पुरं केलं, माणूस मोठा, सनावळी इतकी नीट त्याच्याआधी तिथे कोणी लिहिली नव्हती. पण तो इंग्रज होता, घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता आणि ब्रिटन लोकांवर त्याचा राग होता, की यांनी आमच्या पूर्वजांना धर्म सांगितला नाही. म्हणून देवाने राज्य यांच्याकडून काढून आम्हाला दिलं असं त्याला मांडायचं होतं आणि त्यासाठी आम्ही आणि ते असे दोन गट स्वच्छ वेगळे हवे होते. तीन जहाजांतून हेंगिस्ट आणि होर्सा हे दोघे सरदार भाऊ आले ही गोष्ट त्याचीच पुढे चालली. जहाजातून आलेल्या मूळ पुरुषांच्या गोष्टी आपल्याला काय नवीन आहेत? नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आमचे बेने इस्राएल, परशुरामाने किनाऱ्यावर आलेली चौदा प्रेतं जिवंत केली त्यांच्यापासून चित्पावन. या गोष्टी खोट्या म्हणून टाकून द्यायच्या नसतात, लोकांना आपण एक आहोत असं वाटायला त्या लागतात. पण त्यावरून सातबारा काढायला जाऊ नये.

आणि कोकणाचंच हवं असेल तर त्याच काळातलं कोकण घ्या ना. अरब प्रवासी मसुदी ९१६ च्या सुमारास आमच्या चौलला आला होता, त्याने सैमूर लिहिलंय, इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं तो लिहितो, सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि इथेच जन्मलेल्यांना वेगळं नाव आहे, बयासिरा. म्हणजे तेव्हाच इथले झालेले होते. पालघरकडच्या चिंचणीला राष्ट्रकूटांचा ९२६ चा ताम्रपट सापडलाय, त्यात संजाणचा कारभार राष्ट्रकूट राजाने एका ताजिक म्हणजे अरब माणसाकडे दिलेला आहे, संस्कृतात त्याचं नाव मधुमती केलंय, मोहम्मदचं. तो तिथे काय करतो? खाडी ओलांडायला फुकट होडी ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी भात-तुपाचं अन्नछत्र घालतो आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला परवानगी देतो. लेखकमहाशय, याला मूळच्यांत घालू का बाहेरच्यांत?

माझी मागणी साधी आहे. लेख मागे घ्या असं मी म्हणत नाही, ब्रिटनचा भाग दुरुस्त करून पुन्हा छापा, इनेचे कायदे आणि त्या २०२२ च्या कामाची दुसरी बाजू घालून. आणि शेवटचा परिच्छेद ई-पेपरमधून तेवढा काढा, तो ब्रिटनच्या कुठल्याच पुराव्यावर उभा नाही आणि इथे गावात त्याचे स्क्रीनशॉट फिरतायत. जागा असेल तर त्या रेजिनाच्या दगडाचा फोटो छापा, मुलांना दाखवायला मला बरा पडेल, मोबाईलवर नीट दिसत नाही.

आपली,
एक वाचक, रेवदंडा, ता. अलिबाग

ता. क. लेखाबरोबरच्या नकाशात टिंटॅजेल वेल्समध्ये दाखवलंय. ते कॉर्नवॉलमध्ये आहे, आणि तिथे पाचव्या-सहाव्या शतकातले भूमध्य समुद्राकडून आलेले तेला-दारूचे कुंभ ढिगाने सापडलेत, म्हणजे रोमन गेल्यावरही तिकडचा माल येत होता. तेवढंही दुरुस्तीत घ्या.